हूक ओझ्याकडे जातो

बंदरावर तिला सगळे घार म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. चौदा मजले उंच क्रेन, क्रेनच्या टोकाला केबिन, केबिनला पायाखालीही काच. त्या काचेतून, दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघत ती दिवसभर बसायची. तिथून जमिनीवरचा माणूस मुंगीएवढा दिसतो, पण त्या मुंगीनं शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलंय हे घारीला दिसायचं. तिच्या हाताबद्दल तर काय काय सांगतात. म्हणे एकदा तिनं वीस टनांची पेटी धक्क्यावरच्या चहाच्या कपावर अशी टेकवली की चहावरची साय मोडली नाही. सांगणाऱ्याला विचारा, बाबा रे, तू स्वतः पाहिलंस का? तो म्हणेल, पाहिलं म्हणजे काय, नंतर तो चहा मीच प्यायलो.

तर अशी ही बाई. आणि तिला नऊ दिवसांची स्वतःची पोर धड अंगावर पाजता येईना.

प्रयत्नांत कसूर नव्हती. दर दोन तासांनी पोर भुकेनं उठायची. घार पलंगाच्या काठावर बसायची, मांडीवर उशी, उशीवर पोर, आणि सगळं नीट मापून ती खाली वाकायची. पोरीनं तोंडात घेतलं रे घेतलं की घारीच्या पायाची बोटं आखडायची. चिमटा परवडला, हा खेकडा होता. दातावर दात दाबून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. पोर ओढायची, टक टक आवाज यायचा, मग झोपून जायची, आणि बाजूला केलं की पुन्हा टाहो. तासाभरानं बघावं तर स्तनाचं बोंड वापरलेल्या लिपस्टिकसारखं एका बाजूनं तिरपं झालेलं, आणि त्याला लालभडक चीर.

तिचा नवरा त्याच बंदरावर इशारेवाला होता. म्हणजे ती वर आणि हा खाली. वरून जे दिसत नाही ते हा हातांनी सांगणार. तळहात खाली दाबला की उतरव, बोट गोल फिरवलं की उचल, मूठ वळून धरली की थांब. पहिली दोन वर्षं दोघांनी एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. लग्नाची मागणी त्यानं धक्क्यावर उभं राहून हातवाऱ्यांनीच घातली, आणि तिनं क्रेनचा भोंगा दोनदा वाजवून हो म्हटलं. त्या दिवशी तीन जहाजं उशिरा सुटली असं लोक सांगतात. एक तर म्हणे अजून सुटलेलं नाही.

पोरीला तो मॅडम म्हणायचा. कारण ती आल्यापासून घरात बाकी सगळे उभेच होते.

सगळे म्हणजे ही दोघं आणि तिसऱ्या सासूबाई. त्या बाळंतपणासाठी आल्या होत्या, कामाला वाघ होत्या आणि मनानं लोणी. फक्त जिभेला लगाम नव्हता. सून पाजायला बसली की ह्या शेजारी खुर्ची ओढायच्या आणि सुरू.

"माझ्या वेळी असं नव्हतं बाई. मी ह्याला पाजायला बसले की शेजारची मांजरं दारात ओळ लावायची."

"आई, मांजरं कशाला?" नवरा विचारायचा.

"वास लागायचा त्यांना. तुझं पिऊन उरलं त्याचं दही लावलं असतं ना, तर अख्खी गल्ली जेवली असती."

घार मांडीवरची उशी नीट करायची. सासूबाई मुद्दाम टोचत नव्हत्या, हे तिला कळत होतं. पण आयुष्यात तिच्या हातून एकही पेटी निसटली नव्हती, कोपरासुद्धा कधी आपटला नव्हता, आणि आता सगळ्यात हलकं ओझं तिला पेलत नव्हतं. कोणाला सांगणार? पोरीची भुकेची वेळ जवळ आली की ती घडी केलेले लंगोट उगाच पुन्हा घडी घालत बसायची. आपल्याच लेकराच्या रडण्याला आपण भितो, ही लाज तर त्या चिरेपेक्षा जास्त झोंबायची.

सोमवारी त्यांनी मॅडमला मुलांच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी लंगोट काढून पोरीला काट्यावर ठेवलं. दोन किलो सातशे ग्रॅम. जन्मल्या दिवशी होती बरोबर तीन किलो.

वजनं वाचण्यात घारीचा जन्म गेला होता. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"दिवसाला लंगोट किती ओले होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीन. कधी चार."

"कमी आहेत. पाजताना तुम्हाला कोणी बघितलंय का?"

"सगळ्यांनीच बघितलंय," घार म्हणाली. "सासूबाईंनी, शेजारणीनं, ह्यानं. गॅसवाल्यानं पण एकदा चुकून."

"तसं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी नुसतं बघत बसलंय का?"

तसं कोणीच बसलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिला. "ह्या स्तनपानाच्या सल्लागार. ह्यांना आजच फोन करा, घरी येतात. तोवर प्रत्येक वेळी पाजून झालं की पंपानं दूध काढायचं आणि ते चमच्यानं तिला द्यायचं. हे चुकवायचं नाही. गुरुवारी पुन्हा वजन करू. वाढलं नसेल तर डब्याचं दूध जोडीला सुरू करू. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पोरीचं पोट महत्त्वाचं."

"बरोबर आहे," घार म्हणाली. पण घरी येईपर्यंत ती बोटांवर दिवस मोजत राहिली. गुरुवार, एवढंच तिच्या डोक्यात.

सासूबाई मात्र वाटभर बोलल्या. "ह्याचाही सल्लागार? उद्या जांभईचा सल्लागार येईल. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे ते सांगायला."

सल्लागारबाई मंगळवारी सकाळी आल्या. बुटक्या, गोल, पन्नाशीच्या, आणि बोलणं असं की पलीकडच्या खोलीत कोणी झोपलंय. त्यांनी चपला बाहेर काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. मग पलंगासमोर एक बुटकं स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मोकळे ठेवले की हात मदतीला धावतात, आजी. मग मला काही दिसत नाही." त्या घारीकडे वळल्या. "रोज पाजता तसंच पाजा. मी आलेच नाही असं समजा."

घार वाकली. मॅडमनं ओढायला सुरुवात केली, टक टक झालं, घारीची बोटं आखडली. सल्लागारबाई बघत राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मध्येच घार पोरीला सोडवायची, पुन्हा लावायची, दुखतंय म्हणून असेल असं वाटावं. सासूबाईंनी मांजरांची गोष्ट सांगितली, दह्याची सांगितली, दूध पिऊन पोराचे गाल एवढे सुटले होते की दारातून आडवा न्यावा लागायचा तेही सांगितलं. सल्लागारबाईंनी मान हलवली, पण डोळे काही हलवले नाहीत. घारीच्या बोटांकडे, खांद्यांकडे, पोरीच्या हनुवटीकडे, कानामागे, पायांकडे त्या असं बघत होत्या जसं घड्याळजी भिंग लावून बघतो. चाळीस मिनिटं त्या बाई स्टुलावर दगडासारख्या होत्या. माशी नाकावर बसली तरी हात मांडीखालीच.

घारीनं आयुष्यात बरीच कामसू माणसं पाहिली होती. पण बघणं हेच काम, आणि ते इतकं घाम गाळून करणारं माणूस ती पहिल्यांदा बघत होती. खरंच, बाईंच्या कपाळावर घाम होता.

"काम काय करता तुम्ही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चौदा मजली क्रेन चालवते. बंदरावर."

"पायाखाली काच असते?"

घार चपापली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मानेनं. तुम्ही पोरीकडे बघत नाही, तिला चौदा मजल्यांवरून बघता." त्या हसल्या. "वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येक बाई आपला धंदा घेऊनच पाजायला बसते. चौकात वाहतुकीला हात दाखवणारी एक पोलीस होती, ती बाळाला एका हातावर लांब धरायची. आणि एक व्हायोलिनवाली. तिनं बाळाला हनुवटीखालीच खोचलं होतं."

सासूबाईंना ही बाई आता आवडायला लागली. आपल्या तोलामोलाचं कोणीतरी बोलत होतं.

"तुमच्याकडे माल उचलताना नियम काय?" सल्लागारबाईंनी विचारलं.

"हूक ओझ्याकडे जातो," घारीनं घोकलेलं म्हटलं. "ओझं हुकाकडे येत नाही."

"इथं येतं."



"तुम्ही वाकून तिच्या तोंडापर्यंत जाता," सल्लागारबाई सांगू लागल्या. "मग तिच्या तोंडात नुसतं टोक येतं. टोक चावून काय मिळणार? भरपूर भाग तोंडात आला पाहिजे, खालची बाजू जास्त. म्हणून तुम्हाला चीर पडते आणि तिला दूध मिळत नाही. ते टक टक म्हणजे पकड सुटल्याचा आवाज आहे. तुम्ही जागेवर राहा, पोरीला तुमच्याकडे आणा."

"पोरीला ओझं म्हणू नका बाई," सासूबाई मध्येच बोलल्या.

"नाही म्हणत आजी. दुसरं म्हणजे तुम्ही तिचं डोकं मागून पाचही बोटांनी गच्च धरता. का?"

"झुलू नये म्हणून."

"झुलू दे."

हे घारीला फार जड गेलं. झुलणारं ओझं म्हणजे अपघात, हे तिच्या हाडात भिनलं होतं. पेटी एवढीशी हलली की तिच्या तळहाताला घाम फुटायचा. आणि ही बाई म्हणत होती, झुलू दे.

"डोकं मागं टाकता आलं नाही तर तिला तोंड उघडता येत नाही. तुम्ही स्वतः हनुवटी छातीला लावून पाणी पिऊन बघा." नवऱ्यानं लगेच स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. तिकडून ठसक्याचा आवाज आला. "पटलं," तो तिथूनच म्हणाला.

मग सल्लागारबाईंनी मांड्यांखालून हात काढले. घारीच्या पाठीशी चार उशा रचल्या आणि तिला मागं रेलवलं, आरामखुर्चीत बसल्यासारखं, नजर छताकडे. मॅडमला तिच्या छातीवर पालथं ठेवलं, पोटाला पोट लावून. एक हात पोरीच्या पाठीला, अंगठा आणि बोट मानेपाशी, डोकं मोकळं.

"मला काही दिसत नाही," घार म्हणाली. आवाजात सरळ सरळ भीती होती. "दिसत नाही तर उतरवू कुठं?"

दारात नवरा उभा होता. जन्माची सवय. त्याचा हात आपोआप वर गेला आणि तळहात हळू हळू खाली दाबू लागला. घारीनं त्याच्याकडे बघून पोर अर्धा इंच खाली घेतली. त्यानं बोटानं डावीकडे दाखवलं. तिनं डावीकडे घेतली.

"साहेब," सल्लागारबाई म्हणाल्या, "हात खिशात."

"पण तिला दिसत नाहीये हो."

"तिला दिसायची गरज नाही. पोरीला वास येतो."

आणि खरंच, मॅडमनं स्वतःच डोकं उचललं. डगमगलं, आपटलं, पुन्हा उचललं. सुतारपक्ष्यासारखी टोच टोच करत ती छातीवरून सरकू लागली. घारीचे दोन्ही हात पकडायला वळवळले. "थांबा," सल्लागारबाई पुटपुटल्या. "नाक बोंडासमोर येऊ दे. तोंड नाही, नाक. आता ती मान मागं टाकेल. थांबा. थांबा. मोठा आ करेल. आता जवळ घ्या."

घारीनं जवळ घेतलं आणि कळवळली. सल्लागारबाईंनी तिला करंगळी पोरीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवायला शिकवलं, म्हणजे ओढाताण नाही. पुन्हा. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा पोरीची हनुवटी आधी टेकली, मग आ झाला, असा आ की सासूबाई म्हणाल्या त्यांना टाळूपलीकडचं दिसलं.

"दहापर्यंत मोजा," सल्लागारबाई म्हणाल्या. "सुरुवातीला ओढ लागेल. दहानंतरही दुखलं तर काढायचं, सहन करत बसायचं नाही. सहन करणं ही काही पद्धत नव्हे."

एक, दोन, तीन. घारीनं डोळे मिटले होते. पाच. सहा. पायाची बोटं आखडलेलीच. आठ. नऊला बोटं सुटली. दहाला तिनं डोळे उघडले आणि नवऱ्याकडे असं बघितलं जसं कोणीतरी खोलीतली भिंत उचलून नेली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच होत नाहीये."

टक टक नव्हतं. त्याजागी वेगळाच आवाज येत होता, बारीक, दोन ओढींनंतर एक घुटका. इतका बारीक की तो ऐकायला सासूबाई बोलायच्या थांबल्या. ह्या एका गोष्टीवर त्यांच्या माहेरी कोणी विश्वास ठेवणार नाही.

चार मिनिटं झाली. आणि घारीनं करंगळी सरकवून पोरीला बाजूला केलं.

"का काढलंत?" सल्लागारबाई पहिल्यांदाच थोड्या मोठ्यानं बोलल्या. "दुखलं?"

"नाही."

"मग?"

"तिनं थांब म्हटलं," घार म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा बदलला. पोरीचा हात तिच्या छातीवर होता. इवलीशी मूठ, घट्ट वळलेली.

दारात नवऱ्यानं कपाळावर हात मारला. मग हसायला लागला, मग हसणं आवरेना म्हणून भिंतीला टेकला. सल्लागारबाईंना समजावून सांगावं लागलं की बंदरावर वळलेली मूठ म्हणजे थांब, आणि घारीचा हात मूठ दिसली की डोक्याला न विचारताच थांबतो. नऊ दिवस ती भुकेल्या पोरीला चार चार मिनिटांनी सोडवत होती, पुन्हा लावत होती, पुन्हा सोडवत होती. पोर बिचारी मूठ आवळून ओरडत होती, आणि आई मूठ बघून थांबत होती.

सल्लागारबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. "पंचवीस वर्षांत हे मला पहिल्यांदा दिसलं," त्या म्हणाल्या. "लहान बाळ भुकेलं की मूठ आवळतं. पोट भरत आलं की मूठ आपोआप सुटते. आता लावा परत, आणि ती सोडेपर्यंत थांबायचं नाही."

घारीनं लावली, पहिल्या झटक्यात नाही, दुसऱ्या. पंधरा मिनिटांनी मॅडमची बोटं एक एक करून उघडली आणि हात घारीच्या कुशीवर असा पडला जसा सुट्टीच्या दिवशी माणूस सोफ्यावर पडतो.

जाताना सल्लागारबाईंनी सगळं लिहून दिलं. प्रत्येक वेळी आधी अंगावर, मग पंप, मग काढलेलं दूध चमच्यानं. चिरेवर स्वतःच्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्यायचा. "आणि गुरुवारपर्यंत काही वाटलं तर फोन करा. रडू आलं तरी फोन करा. रडण्याचेही फोन मी घेते."

सगळं सरळ झालं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण बुधवारी सकाळी घार उठली ती छातीवर दोन दगड घेऊन. एका दिवसात दुधाला मागणी कळली होती, आणि ते आलं तर एकदम आलं, पूर आल्यासारखं. स्तन इतके ताठ झाले की मॅडमचं तोंड त्यावरून घसरत होतं, फुगलेल्या चेंडूवरून घसरावं तसं. एक वेळ गेली, दोन वेळा गेल्या. घार पुन्हा वाकायला लागली, मान पुन्हा चौदा मजल्यांवर गेली, टक टक परत आलं. दुपारी तिनं पोरीला नवऱ्याच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"आण जा तो डबा," ती म्हणाली. "उद्या काट्यावर तिला ठेवायची हिंमत नाही माझी."

नवऱ्यानं आईकडे बघितलं. सासूबाई सुनेच्या मागे जाऊन बसल्या. त्यांनी मांजरांचं नाव काढलं नाही.

"एक सांगू का गं," त्या म्हणाल्या. "मला काही येत नव्हतं. पोरगं चिकटलं आणि प्यायला लागलं, माझा त्यात हात नव्हता. नऊ दिवस मी तुझ्याशेजारी बसून नुसती बढाया मारत होते, कारण सांगण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. तुला कसं जमेल ते मला सांगताच येत नाही. त्या बाईला येतं. तू शिकते आहेस, मी शिकलेच नव्हते. तुझं काम माझ्यापेक्षा मोठं आहे."

घारीनं वळून बघितलं. "मांजरं खोटी होती?"

"मांजरं होती. दुसऱ्या कारणानं यायची."

मग सासूबाईंनीच फोन लावला, कारण नंबर कागदावर ठळक लिहिलेला होता आणि त्यांना चष्मा न लावता वाचता आला. सल्लागारबाईंनी ऐकून घेतलं. डबा आणू नका असंही म्हटलं नाही, आणा असंही नाही. म्हणाल्या, पाजण्याआधी हातानं थोडं दूध काढा, बोंडाभोवतीचा गडद भाग मऊ होईपर्यंत, मग पोरीला लावा. पाजून झालं की गार फडकं ठेवा. आणि विचारलं, "पाठ टेकली आहे का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आधी पाठ टेकवा."

सासूबाईंनी सुनेच्या खांद्याला धरून तिला मागं रेलवलं आणि उशा रचल्या, एक घरातली, एक पाहुण्यांची, एक दिवाणावरची. घारीनं हातानं दूध काढलं, फडकं भिजेपर्यंत काढलं. नवऱ्यानं हात खिशात घातले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मॅडम छातीवरून टोचत टोचत सरकली. घारीनं वाट बघितली. वाट बघणं किती कठीण असतं ते ज्यानं टांगलेलं ओझं हवेत धरून वाऱ्याची झुळूक जाऊ दिली आहे त्यालाच कळेल. आ झाला. जवळ घेतलं. आठ, नऊ, दहा. घुटका.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा लंगोट ओले झाले. सासूबाईंनी ते दोरीवर असे ओळीनं लावले की शेजारीण विचारायला आली, घरी कुणाचं लग्न आहे का.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गर्दी होती. बाहेर बाकांवर अकरा बाया, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या खांद्यावर पोरं. आत मॅडमला काट्यावर ठेवलं. तिनं पाय झाडले, आकडे नाचू लागले. दोन सातशे, दोन नऊशे, दोन सहाशे. घार काट्यावर वाकली. तिला आठवेना आपण पापणी शेवटची कधी मिटली.

"आकडे हलतायत," ती म्हणाली. "थांबू दे."

पाय थांबले. आकडे थांबले. दोन किलो आठशे वीस.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बघितलं, पोरीला उचलून काटा शून्यावर आणला आणि परत ठेवलं. दोन किलो आठशे वीसच.

"तीन दिवसांत एकशे वीस," त्या म्हणाल्या. "छान. डब्याचं कारण नाही. चमचा आता दिवसातून दोनदाच, आणि सोमवारी परत या, चमचा पूर्ण सोडता येतो का बघू." मग त्यांनी घारीकडे नीट बघितलं. "तुम्ही दमला आहात. पण हे तुम्ही केलंत."

"त्या बाईंनी केलं," घार म्हणाली. "मी फक्त मागं टेकले."

इतक्यात मॅडमनं, उघड्या अंगानं, थंड काट्यावर, दोन्ही मुठी आवळल्या आणि खोलीभर गळा काढला. घारीनं इकडे तिकडे बघितलं. बाहेर जागा नव्हती. ती सरळ तपासणीच्या टेबलावर चढली, भिंतीला पाठ टेकवली, नजर छतावरच्या पंख्याकडे लावली आणि पोरीला छातीवर घेतलं. डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणणार होत्या, बहुतेक पुढच्या पेशंटबद्दल. पण पोरीनं आ केला, आणि त्या तशाच खुर्चीवर बसल्या. वजनं आणि चिठ्ठ्या ह्यांत त्यांचेही दिवस जात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणाला पाजताना त्यांनीही कधी बघितलं नव्हतं. पेन खाली ठेवून त्या बघत राहिल्या.

मॅडमला घाई नव्हती. दोन ओढी, एक घुटका. पुन्हा दोन ओढी, एक घुटका.

बाहेर कुरकुर सुरू झाली. एका बाईनं दारावर टकटक केली, आत काय चाललंय, किती वेळ. सासूबाईंनी दार बोटभर उघडून डोकं बाहेर काढलं.

"जेवण चाललंय," त्या म्हणाल्या. "हात धुवून बसा सगळ्याजणी. वेळ लागेल."